एक जून

या गावात मला पुष्कळांचे पगार ठाऊक आहेत.
म्हणून लग्नात मी कोपऱ्यातल्या पंगतीला बसते,
आणि बाजारात ओळखीचं कुणी
गवारीचा भाव पाडून मागत असेल तर मान वळवते.
त्याचं बेसिक, त्याचा डीए, सोसायटीचा हप्ता
डोळ्यांपुढं आपोआप उघडतो.
नवरा विचारतो अधूनमधून, भाकरी मोडताना,
तुमच्या त्या मगदुमाला किती बसतात गं?
मी म्हणते, पोटापुरते.

कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीत तीनशे बारा माणसं.
त्यांतली एकेचाळीस एक जूनला जन्मली.
कॉम्प्युटरला वाटलं चूक आहे, रकाना लाल केला त्यानं.
चूक नाही रे बाबा.
गुरुजींनी पोराला डोक्यावरून हात नेऊन
पलीकडचा कान धरायला लावला.
धरता आला. लिहिलं, एक जून.
तेव्हापासून दर एकतीस मेला
एका दमात म्हातारी होतात माझी माणसं.

यंदा सात.

दस्तगीर नदाफ, मोल्डिंग, टोकन एकशे नव्वद.
आई सांगायची म्हणे, समडोळीत हळद शिजत होती,
काहिलीखाली जाळ घालता घालताच कळा सुरू झाल्या.
म्हणजे फेब्रुवारी, फार तर मार्च.
म्हणजे गुरुजींनी नऊ महिने आधीच त्याला जन्माला घातला,
पहिलीचा पट भरायचा होता म्हणून.
माझ्या शीटमध्ये हळदीचा रकाना नाही.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे.
शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस,
गुणिले भरलेली वर्षं.
महिना सव्वीसाचा, रविवार कुणीच मोजत नाही.
नोकरी एकोणतीस वर्षं, पाच महिने, वीस दिवस.
सहा महिन्यांच्या वर गेली असती
तर तिसावं वर्ष अख्खं धरलं असतं.
बारा दिवस कमी.
बारा दिवसांचे साडेतेरा हजार.

आरवाडे साहेब म्हणाले, नियमात बसतंय का बघा.
साहेब वाईट नाहीत. साहेब नेहमी एवढंच म्हणतात.

मग मी बघत बसले.
जुनं ऑफिस गावभागात होतं, पुराचं पाणी शिरलं तेव्हा
मस्टरं आठवडाभर बुडालेली.
वाळवून, सुतळीनं बांधून स्टोअरात टाकलेली,
चहात बुडवलेल्या खारीसारखी.
स्टीलच्या पट्टीनं एकेक पान सोडवलं.
तीन दुपारी गेल्या. नाकात नदी बसली.
नोव्हेंबर पंच्याण्णव, बदली कामगार,
नाव चुकलेलं: दस्तगिरी नदाप.
वीस दिवस हजर. पुढे अंगठा.
सही येत होती त्याला,
पण बदलीवाल्याला सही कोण विचारतंय.

साहेबांनी चष्मा वर केला, पान उजेडात धरलं,
बसतंय, म्हणाले.

दस्तगीर समोरच्या खुर्चीत बसला नाही, टेकला.
म्याडम, हातात किती पडत्यात?
मी सांगितलं. चार लाख पाच हजार.
मस्टरचं, पट्टीचं, तीन दुपारचं काहीच सांगितलं नाही.
त्यानं मान हलवली,
मग खिशातून कँटीनची सहा कुपनं काढून टेबलावर ठेवली,
ही परत घेता का, नायतर
सुताराच्या पोराला देऊ?

दुरुस्तीच्या फॉर्मवर कारणाची ओळ असते.
मी लिहिलं, जुना अभिलेख उपलब्ध झाला.
पेन थोडा वेळ तसाच राहिला कागदावर.
शाईचा ठिपका पडला.

बाकीचे सहा.
त्यांतल्या बिरनाळेचे चार दिवस कमी आहेत.
नुसते चार.
त्याच्या सालाचं मस्टर मी हातात घेतलं
तर लगदा होता,
एकही पान दुसऱ्यापासून सुटायला तयार नव्हतं.
उद्या अकरा वाजता बोलावलंय त्याला.
तोही तेच विचारेल.